खरी नक्कल

बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या महादेवपुऱ्यात 'टँक' हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम पाणी उभे राहते. गच्चीवरची टाकी, दारी येणारा टँकर आणि इंग्रजी अमदानीत तळ्यांना मिळालेले नाव, या साऱ्यांचा तो समाईक शब्द. १८८२ साली बांधलेल्या सँकी तलावाला हे शहर अद्याप 'सँकी टँक' म्हणूनच ओळखते. तेव्हा सुटीच्या दिवशी आम्ही घरी टँक तयार करीत असतो, हे कळल्यावर शेजारच्या गृहस्थांनी 'किती लिटरचा?' असे विचारले, यात नवल नाही. आम्ही त्यांना आत नेऊन मेजावरचा वीतभर लांबीचा हिरवा रणगाडा दाखविला. ते हसले, आम्हीही हसलो. परंतु मागाहून कोश चाळता, त्यांच्या प्रश्नात विनोदापेक्षा इतिहासच अधिक होता, हे ध्यानात आले.

इंग्रजी 'टँक' शब्दाचे मूळ शोधताना यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने पोर्तुगीजबरोबर गुजराती व मराठी या भाषांचेही दार ठोठावले आहे. मराठीतले टाके म्हणजे खडकात खोदलेला पाण्याचा साठा. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी ज्याने पाहिली, त्याला या शब्दाचा अर्थ निराळा सांगणे नलगे. हा पाण्याचा शब्द रणांगणावर गेला तो गुप्ततेच्या गरजेतून. १९१५ साली इंग्लंडमधील लिंकन येथे विल्यम फॉस्टर कंपनीच्या कारखान्यात एक अद्भुत वाहन आकार घेत होते. त्याचे रहस्य फुटू नये म्हणून हे पाणी वाहून नेण्याचे साधन आहे, अशी बतावणी करण्यात आली, आणि वर्षअखेरीस त्याला 'टँक' हे टोपणनाव मिळाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत टँक प्रथम शत्रूवर चालून गेले. टोपणनाव कायमचे चिकटले. आपण मात्र 'रणगाडा' हा नेमका शब्द घडविला.

या इतिहासातली आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या छंदिष्टांना सुखावणारी आहे. ज्या आकृतीचे रणगाडे सोमवर उतरले, तिची पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती सप्टेंबर १९१५ मध्ये अधिकाऱ्यांना दाखविली गेली होती. पुढे १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बाळगण्यास बंदी केली, तेव्हा तिच्या सैन्याने मोटारींवर लाकूड व पुठ्ठ्याचे सांगाडे चढवून सराव चालविला. नक्कल ही केवळ मुलांच्या खेळण्यांच्या कपाटातील वस्तू नव्हे, हे यावरून दिसेल.

आज जगभर हौशी मंडळी ज्या प्रमाणात रणगाडे जोडतात, त्या एकास पस्तीस या प्रमाणाचा उगम मात्र अगदी घरगुती आहे. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनी १९४६ साली लाकूड कापण्याच्या धंद्यातून सुरू झाली. १९६०च्या सुमारास ती प्लॅस्टिककडे वळली आणि लवकरच तिने 'पँथर' हा जर्मन रणगाडा मोटरवर चालणारा म्हणून बाजारात आणला. त्याच्या पोटात मोटरला लागणाऱ्या बॅटऱ्या मावाव्यात अशा बेताने आकार ठरविला, तो मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा निघाला. एका कंपनीची सोय पुढे साऱ्या जगाचा दंडक झाली.

या दंडकाने मोजू लागले, की गणित मनाला चटका लावते. साडेसात मीटरांहून थोडे लांब असे सेंचुरियन रणगाड्याचे धड वीतभर होते, आणि पावणेसहा फुटांचा जवान पाच सेंटिमीटरांचा होतो. वजन मात्र लांबीप्रमाणे पस्तीस पटींनी न घटता पस्तिसाच्या घनाने, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. पन्नास टनांहून अधिक वजनाचा तो अजस्र देह मूळ पोलादातच घडविला, तरी सव्वा किलोच्या आतबाहेर भरेल. आमचा तर प्लॅस्टिकचा, म्हणजे एका हाताने सहज उचलावा असा.

आमचा चरितार्थ केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करून चालतो. मूळ कागद समोर ठेवून ओळीला ओळ ताडून पाहावी, आणि मग खाली 'खरी नक्कल' असा शेरा येऊन सही व्हावी, हा आमचा नित्याचा व्यवहार. रणगाड्याची नक्कल करताना हाच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला : हिच्याखाली तसा शेरा मारता येईल काय?

बाजारात मिळणारे संच बहुतेक परदेशी सैन्यांचे, त्यांतही जर्मन रणगाड्यांची गर्दी फार. आपल्या युद्धांतला रणगाडा हवा, तर साधा सेंचुरियन आणून भारतीय खुणा स्वहस्ते रंगवाव्या लागतात. आम्ही निवडला तो पूना हॉर्सचा. १८१७ साली पेशव्यांवर लादलेल्या तहातून उभे राहिलेले हे घोडदळ कालांतराने रणगाड्यांवर आरूढ झाले. १९६५ च्या युद्धात त्याचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांच्याकडे होते. मुंबईत जन्मलेल्या या पारशी अधिकाऱ्याचे पूर्वज शिवछत्रपतींच्या सैन्यात होते आणि तारापूर गावावरून त्यांना आडनाव लाभले, अशी घराण्याची परंपरा सांगते. फिलोरा येथे जखमी होऊनही ते मागे फिरले नाहीत, आणि १६ सप्टेंबरला बुतूर-डोग्रांडी येथे त्यांच्या रणगाड्यावर गोळा आदळून त्यांना वीरमरण आले. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतर नदीकाठी याच दलाचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. त्यांचा जन्म पुण्याचा, वय २१ वर्षे. पेटलेला रणगाडा सोडून बाहेर येण्याची आज्ञा झाली असता, तोफ अद्याप चालते आहे, या कारणास्तव त्यांनी ती मानली नाही. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र लाभले. खेत्रपालांच्या सेंचुरियनचे नाव 'फामागुस्ता'. तो पुढे दुरुस्त होऊन अहिल्यानगरच्या लष्करी केंद्रात जतन झाला.

आम्ही जोडावयास घेतला तो हाच. सांगाड्यातून भाग कापून काढले, कडा काचकागदाने घासल्या, प्रायमरवर गडद हिरवा रंग दिला, खाचांतून पातळ तपकिरी फिरविला आणि कोरड्या ब्रशाने कडा उजळल्या. शेवटी चिखल. हा चिखल शोभेचा नसतो. १९६५ साली असल उत्तर येथे भारतीय सैन्याने कालव्यांचे पाणी शेतांत सोडले आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे ऊसमळ्यांच्या ओल्या जमिनीत रुतून बसले. पाण्याच्या टाक्यावरून ज्याचे नाव पडले, त्याला पाण्यानेच अडविले. म्हणून मातीचा रंग चुकला तर इतिहासच चुकतो, असे आम्हांस वाटे.

दोन महिने खपून आम्ही तो पुरा केला. त्यावर गोळ्याचे भोक पाडले, भोवती काजळी चढविली. मित्रमंडळी आली, भिंग लावून पाहिले आणि त्या काजळीची सर्वांनी तोंडभरून वाखाणणी केली. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. ज्या आगीत एकवीस वर्षांचा मुलगा बसून राहिला, तिच्या खुणेवर आम्ही कारागिरीची शाबासकी घेतली होती. आकार जुळला होता, रंग जुळला होता. ४२,८७५ पटींनी जे हलके झाले, ते केवळ पोलाद नव्हते.

तेव्हा दिवाळीतले किल्ले आठवले. मातीचा ढिगारा, त्यावर अळीव, शिखरावर बुरुजाएवढे महाराज आणि पायथ्याशी दरवाजाहून उंच मावळे. प्रमाणाचा तेथे मागमूस नसतो, तरी त्या किल्ल्याला खोटा म्हणण्याचे धाडस कोणी केलेले नाही. कारण ज्याचे महत्त्व मोठे, त्याचा आकार मोठा, हा त्याचा दंडक असतो. आमची वीतभर नक्कल फूटपट्टीला खरी होती, पण माणूस तिच्यात पाच सेंटिमीटरांचा होता.

आम्ही भोक बुजविले, काजळी खरवडली आणि पुन्हा हिरवा दिला. आता तो १६ डिसेंबरच्या लढाईपूर्वीचा रणगाडा आहे : पट्ट्यांना चिखल, नाव नीट लिहिलेले, वरचे झाकण उघडे. आत आम्ही कोणासही बसविलेले नाही. शेजारचे गृहस्थ परवा पुन्हा आले, तेव्हा त्यांनी लिटर विचारले नाहीत. हा कोणाचा, एवढेच विचारले. आम्ही त्यांना नाव सांगितले, मग जन्मगाव आणि वय. चहा निवून गेला, तरी ते बसून होते.

शेरा मात्र आम्ही अर्धाच मारला आहे. पाटाच्या खालच्या बाजूस, जेथे सहसा कोणी पाहत नाही, तेथे लिहिले आहे : 'आकार मूळ प्रतीबरहुकूम.' त्यापुढची जागा कोरी ठेवली आहे.