होडी लोटणे (उजनी जलाशय)

बांधीव धक्का नसलेल्या काठावरून लहान होडी पाण्यात उतरवणे आणि तीत माणसे सुखरूप चढवणे. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे यशवंतसागरात, हे रोजचे काम आहे. १९८० साली धरण पूर्ण झाले, पाणी शेताशिवारात शिरले आणि मासेमारी वाढली. भिगवणजवळच्या कुंभारगाव व डिकसळ या गावांत जाळी टाकायला जाणाऱ्या होड्यांतूनच हिवाळ्यापासून पाहुण्यांना रोहित पक्षी दाखवायला नेतात.

इथला काठ जागेवर राहत नाही. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी त्याच्याही खाली उतरते आणि पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते. सपाट शिवारात पाणी थोडे खाली गेले, तरी काठ कितीतरी दूर सरकतो. एका जागी बांधलेला धक्का मग कोरड्यात पडतो. त्यामुळे उतरायची जागा पुन्हा पुन्हा शोधावी लागते : पायाखाली गाळाऐवजी मुरूम हवा आणि पाण्यात बुडालेल्या झाडांचे खुंट नकोत.

उथळ पाण्यात सपाट बुडाची होडी सोयीची. ती काठाशी काटकोनात धरून, रिकामीच, गुडघाभर पाण्यापर्यंत लोटतात. लोक नेमके इथेच चुकतात. पाय कोरडे राहावेत म्हणून होडीचे एक टोक चिखलावर ठेवूनच चढायची घाई होते. पण अशा वेळी होडीला पाण्याचा आधार पूर्ण लांबीभर मिळत नाही, काठावरचे टोक खिळीसारखे अडते आणि एका बाजूला पडलेल्या वजनाने ती सहज कलते. पाय भिजले तरी चालतील, होडी पूर्ण तरंगलीच पाहिजे. नावाडी कड धरून उभा राहतो. एकेकाने मधोमध पाय टाकून लगेच खाली बसायचे.

पुढे लांब बांबूने तळ रेटत होडी खोल पाण्यात नेतात. इंजिन असले तरी ते नंतर सुरू होते, नाहीतर पंखा गाळात रुततो किंवा जाळ्यात गुंततो.

जीवरक्षक जाकीट काठावरच घालायला हवे, त्यात सूट नको. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि ६ जणांचा जीव गेला. रस्त्याचा मोठा वळसा टाळण्यासाठी गावकरी अशा बोटींनी ये-जा करतात. उघड्या, रुंद पाण्यावर वाऱ्याला अडवणारे काही नसते, लाटा बघता बघता उंचावतात. वळवाचे ढग दिसत असताना होडी काठावरच ठेवण्याचा निर्णय नावाड्याचा असावा, आणि प्रवाशांनी त्याच्याशी हुज्जत घालू नये.

परतल्यावर होडी ओढून खुंट्याला बांधतात. उन्हाळ्यात पाणी मागे सरत असले की सकाळी ती चिखलात बसलेली सापडते; पावसाळ्यात पाणी चढत असेल तर खुंटा बराच वर ठोकावा लागतो.