सह्याद्रीच्या माथ्यावरचे धावड

महाड-पोलादपूरच्या मुलखात शिशाची खाण शोधू जाणाऱ्याच्या पदरी निराशाच यावयाची. कारण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेल्या येथील काळ्या पाषाणात शिशाच्या शिरा नाहीत, आणि ज्या रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, त्या राजधानीच्या बंदुकांना लागणारे शिसेही समुद्रमार्गे टोपीकर व्यापाऱ्यांच्या हातून येत असे.

लोखंडाची गोष्ट निराळी. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून सावित्रीच्या उगमापाशी, महाबळेश्वरच्या पठारावर पोचले की काळा पाषाण संपून तांबडा जांभा लागतो, आणि या जांभ्यातील लोहयुक्त खडे वेचून धावड नावाचे मुसलमान कारागीर एकोणिसाव्या शतकापर्यंत तेथे लोखंड गाळीत असत. मातीची ओबडधोबड भट्टी, तीत खनिजाचे व लोणारी कोळशाचे एकावर एक थर, आणि चामड्याच्या भात्यांचा अखंड वारा, एवढ्याच सामग्रीवर त्यांचा कारखाना चाले; त्या आचेने लोखंड वितळत नसे, मळ तेवढा पातळ होऊन वाहून जाई, आणि मागे उरलेला सच्छिद्र गोळा पुनःपुन्हा तापवून घणाखाली ठोकल्यावरच लोहाराच्या कामाचा होई. हाच टाकाऊ मळ जुना झाला म्हणजे वैद्यांना मंडूरभस्मासाठी मोलाचा वाटतो; धावडांच्या पदरात त्या मोलाचा कितीसा वाटा पडला असेल, हा प्रश्नच आहे!

मणभर लोखंडासाठी कित्येक मण कोळसा जाळावा लागत असल्याने या धंद्याचा जीव खनिजापेक्षा रानातच अधिक होता. इंग्रजी अंमलात एकीकडे विलायती लोखंड बाजारात स्वस्त मिळू लागले, तर दुसरीकडे सरकारी जंगलाचे निर्बंध वाढत जाऊन १८७८ च्या वनकायद्याने त्यांवर शिक्कामोर्तब झाले, आणि या दुहेरी कोंडीत भट्ट्या विझल्या. वृक्षतोडीचा दोष धावडांकडे होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच काळात रेल्वेच्या स्लीपरांसाठी देशभर किती अरण्ये कापली गेली, याचा हिशेब पाहिला म्हणजे वनरक्षणाचा हा कळवळा एकांगी होता असेच म्हणावे लागते.

किल्ल्यांच्या तटबुरुजांची मोजमापे घेणाऱ्या इतिहासप्रेमींनी आता घाटमाथ्यावरील लोहमळाच्या जागांचीही नोंद करावी, आणि ती रस्तारुंदीकरणाची यंत्रे पोचण्यापूर्वी करावी.