अरुंदमापी एंजिनांतील चालककक्ष : एक विचार

आगगाडीच्या इतिहासात बाष्पक आणि चाके यांची चर्चा पुष्कळ होते. चालक जेथे उभा राहून काम करतो त्या कक्षाकडे मात्र अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः एंजिनावरील माणसाचे स्थान या कक्षावरूनच कळते.

उत्तर वेल्समधील फेस्टिनिऑगचा लोहमार्ग १८३६ साली स्लेटच्या वाहतुकीसाठी सुरू झाला. रुळांमधील अंतर सुमारे ५९७ मिलिमीटर. रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढीत. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच भाराने खाली येत. १८६३ साली तेथे जॉर्ज इंग्लंड यांच्या कारखान्यातील वाफेची एंजिने आली, तेव्हा त्यांना कक्ष असा नव्हताच. मार्गावरील मोएलविनचा लांब बोगदा १८४२ सालचा, म्हणजे घोड्यांच्या काळातला. त्याच्या अरुंद पोटातून जाणाऱ्या एंजिनावर ऐसपैस कक्षास वाव नव्हता. पाऊस आणि धूर दोन्ही चालकानेच सोसावयाचे.

रॉबर्ट फेअरली यांनी १८६४ साली एकस्व घेतलेल्या रचनेनुसार १८६९ साली ‘लिटल वंडर’ हे एंजिन तयार झाले. त्यात दोन बाष्पके पाठीला पाठ लावून जोडलेली असून अग्निपेट्या मध्यभागी होत्या. परिणामी चालक एका बाजूस आणि कोळसा घालणारा दुसऱ्या बाजूस, अशी कक्षाची फाळणी झाली. अग्निपेट्यांची दारेही बाजूलाच ठेवावी लागली. १८७९ साली याच मार्गाच्या बोस्टन लॉज कर्मशाळेत बांधलेल्या ‘मर्डिन एमरिस’मध्येही हीच विभागणी कायम राहिली. कक्षाची मांडणी माणसाच्या सोयीने न ठरता बाष्पकाच्या सोयीने ठरली, हे येथे स्पष्ट दिसते.

दार्जिलिंगच्या १८८९ पासूनच्या ‘बी’ वर्गाच्या एंजिनात कोळशाचा साठा कक्षाच्या पुढे असतो. त्यावर बसून एक जण कोळसा फोडी, तर दोघे एंजिनाच्या अग्रभागी बसून रुळांवर वाळू टाकीत. हे तिघेही छपराबाहेर. कोणाचे श्रम निवाऱ्यास पात्र मानले गेले, याचा लेखच जणू त्या छपराच्या कडेने लिहून ठेवला आहे.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. कक्षाचे पत्रे एंजिनाच्या आयुष्यात सहज बदलले जातात. म्हणून आज जतन केलेल्या एंजिनाचा कक्ष मूळचा आहे असे गृहीत न धरता, तो सालवार छायाचित्रांशी व कारखान्याच्या आराखड्यांशी ताडून पाहावा. तसे केल्यावरच या पत्र्यांची साक्ष ग्राह्य ठरेल.