संरोधजुळणी : साध्या सर्किट बोर्डावरील रेडिओ ट्रेस

रेडिओ चिप आणि अँटेना यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीचा, म्हणजे ट्रेसचा, संरोध (इम्पिडन्स) दोन्ही टोकांशी जुळेल अशा बेताने ती बोर्डावर आखणे म्हणजे संरोधजुळणी. जुळणी चुकली की शक्तीचा काही भाग अँटेनापर्यंत न पोहोचता चिपकडे परततो. बहुतेक रेडिओ उपकरणांत हा संरोध ५० ओहम धरतात. हवेने भरलेल्या समाक्ष केबलमध्ये संकेताचा ऱ्हास ७७ ओहमच्या आसपास सर्वांत कमी असतो, तर शक्ती वाहण्याची क्षमता ३० ओहमच्या आसपास सर्वाधिक. ५० ही त्यांतली तडजोड.

बोर्डाच्या वरच्या थरात पट्टी आणि खालच्या थरात अखंड ग्राउंड, या रचनेला मायक्रोस्ट्रिप म्हणतात. ग्रीग आणि एंगलमन यांनी १९५२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा संरोध मुख्यतः पट्टीची रुंदी, ग्राउंडपासूनचे अंतर आणि मधल्या पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक यांवर ठरतो. एफआर-४ या नेहमीच्या फायबरग्लास बोर्डाचा स्थिरांक सुमारे ४.४ असतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या १.६ मिमी जाडीच्या दोन थरी बोर्डावर ५० ओहमसाठी पट्टी सुमारे ३ मिमी रुंद लागते. चिपची पिन यापेक्षा कितीतरी अरुंद, त्यामुळे नवखा आरेखक पट्टीही पिनेइतकीच ठेवतो. ०.३ मिमी पट्टीचा संरोध मात्र सुमारे १३० ओहम होतो.

ही चूक किती महागात पडेल, हे ट्रेसच्या लांबीवर आणि कंप्रतेवर अवलंबून असते. २.४५ गिगाहर्ट्झला बोर्डावरील तरंगलांबी सुमारे ७ सेंमी असते. १३० ओहमची पट्टी पाव तरंगलांबीची, म्हणजे पावणेदोन सेंमीच्या आसपास असेल, तर ५० ओहमच्या अँटेनासमोर निम्म्याहून अधिक शक्ती परत फिरते. तीच पट्टी ५ मिमी ठेवली तर परतणारा हिस्सा १८ टक्क्यांवर येतो. ८६६ मेगाहर्ट्झला, म्हणजे भारतात विनापरवाना वापरता येणाऱ्या कंप्रता-पट्ट्यात, त्याच ५ मिमीचा तोटा तीन टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणून रुंदीचे गणित मांडण्याआधी चिप आणि अँटेना एकमेकांजवळ आणणे हा सर्वांत स्वस्त उपाय. रुंदीच्या दशांशांत अडकण्यातही फारसे हशील नाही : ३ ऐवजी २.५ मिमी पट्टी घेतली तर संरोध ५६ ओहमच्या आसपास जातो, आणि लांबी कितीही असो, परतणारी शक्ती दीड टक्क्याच्या वर जात नाही.

खरा घात ग्राउंडमध्ये होतो. परतीचा प्रवाह पट्टीच्या बरोबर खालून वाहतो. तिथे कोणी दुसरा ट्रॅक ओढून तांबे तोडले, तर प्रवाहाला वळसा घ्यावा लागतो आणि त्या जागी संरोध एकदम बदलतो. वरची पट्टी कितीही अचूक असली तरी तिचा उपयोग उरत नाही. दोन थरी बोर्डावर जागेची ओढाताण असल्याने हा मोह वारंवार होतो.

३ मिमी पट्टीला जागा नसेल तेव्हा दोन्ही बाजूंना वरच्या थरातही ग्राउंड आणून ग्राउंडेड कोप्लेनर रचना करतात. तिचे मूळ असलेला कोप्लेनर वेव्हगाइड सी. पी. वेन यांनी १९६९ मध्ये मांडला. १.६ मिमी बोर्डावर सुमारे १ मिमी पट्टी आणि दोन्हीकडे ०.१५ ते ०.१७ मिमी फट ठेवली की ५० ओहम जवळपास साधतात. ही बारीक फट कारखान्याच्या क्षमतेत बसते का, ते आधी पाहावे लागते. वरचे व खालचे ग्राउंड पट्टीच्या कडेने कमी अंतरावरील छिद्रांनी, म्हणजे व्हायांनी, जोडावे लागतात. चार थरी बोर्डावर ग्राउंड अवघ्या ०.२ मिमीवर येते आणि पट्टी ०.३७ मिमीच्या आसपास पुरते. रेडिओचे काम गंभीर असेल तर चार थरांचा जादा खर्च करणेच शहाणपणाचे.

एफआर-४ मधील ऱ्हासाची धास्ती अनेकदा अनाठायी असते. २.४ गिगाहर्ट्झला तो प्रतिसेंमी ०.१ डेसिबेलच्या आतबाहेर, म्हणजे लहान ट्रेससाठी नगण्य असतो.

चिपचा स्वतःचा संरोध अनेकदा ५० ओहम नसतो. तो जुळवण्यासाठी उत्पादकाने सुचवलेले कॉइल-कपॅसिटरचे जाळे चिपला लागूनच बसवतात. अँटेनापाशी आणखी तीन घटकांच्या π (पाय) आकाराच्या जाळ्यासाठी जागा राखून ठेवतात. प्लास्टिकची पेटी आणि शेजारची बॅटरी अँटेनाची कंप्रता सरकवतात, त्यामुळे या जाळ्यातील किमती उपकरण पेटीत बसवून, व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझरने मोजूनच ठरवतात.