दाविदाची ढाल आणि आपला षट्कोण

आपल्याकडील तांब्याच्या यंत्रांवर षट्कोण कोरलेला असतो. वर टोक असलेला त्रिकोण शिवाचा, खाली टोक असलेला शक्तीचा. दोन्ही एकावर एक बसले की सहा टोकांची आकृती होते आणि मधल्या मोकळ्या जागेत बीजाक्षर येते. दिल्लीस हुमायूनच्या कबरीवर कमानींच्या दोन्ही अंगांस हाच आकार आहे. यंत्र घडविणाऱ्या तांबटाला काय किंवा मोगलांच्या पाथरवटाला काय, दाविदाशी काही कर्तव्य नव्हते.

ज्यू लोक या आकृतीस दाविदाची ढाल म्हणतात. नाव ऐकून ती त्या राजाइतकीच जुनी वाटते; वस्तुतः तसे नाही. त्यांचे प्राचीन चिन्ह म्हणजे सात शाखांचे दीपवृक्ष. गालील समुद्राकाठी कफर्णहूम येथील सभास्थानाच्या अवशेषांत षट्कोण आढळतो, पण तो निव्वळ नक्षी म्हणून. त्याच नक्षीकामात स्वस्तिकही आहे! १३५४ मध्ये सम्राट चौथ्या चार्ल्सने प्रागच्या ज्यूंना स्वतःचा ध्वज बाळगण्याचा हक्क दिला, आणि त्या ध्वजावर पुढे हा तारा कायम झाला. एकोणिसाव्या शतकात, ख्रिस्त्यांचा जसा क्रूस तसे आपलेही एक सोपे चिन्ह असावे, असे युरोपातील ज्यूंना वाटू लागले. १८९७ मध्ये हर्झलने काढलेल्या वृत्तपत्राच्या मथळ्यावर तो छापला गेला. रेखायला सोपा, लहान छापला तरी ओळखू येणारा. छापखान्याच्या युगाला असेच चिन्ह हवे असते.

ही दूरची हकीकत आपल्या दोन जिल्ह्यांना एका माणसामुळे येऊन भिडते. वॉर्सा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेले इंजिनियर मॉरिस फ्रिडमन म्हैसूर संस्थानातील विजेच्या कारखान्यातून औंधास आले. भगवी वस्त्रे घालीत, भारतानंद म्हणवीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानाची सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे ठरविले. गांधीजींच्या सल्ल्याने जी घटना १९३९ मध्ये अमलात आली, तिच्या घडणीत अप्पासाहेब पंतांबरोबर फ्रिडमन होते. आटपाडीजवळ कैद्यांना बेडीवाचून, त्यांच्या शब्दावर ठेवणारी स्वतंत्रपूरची वसाहत त्याच वर्षी निघाली. तिची कल्पनाही त्यांचीच.

आणि त्याच १९३९ च्या नोव्हेंबरात जर्मनव्याप्त पोलंडमध्ये हुकूम निघाला की, ज्यूंनी दंडावर पांढरी पट्टी बांधावी व तीवर निळा तारा असावा. फ्रिडमन यांच्या जन्मगावी शेजारपाजारच्यांना तो बांधावा लागला. सप्टेंबर १९४१ पासून खुद्द जर्मनीत पिवळा तारा आला. त्याचा आराखडा नीट पाहावा. आपल्या यंत्रात जेथे बीजाक्षर बसते, तेथे ‘ज्यू’ हा शब्द होता, आणि अक्षरांना हिब्रू लिपीचे वळण देऊन थट्टा साधली होती. कुणा रेखाटनकाराने बसून, मोजून, हे काम केलेले आहे. मला तर त्या पट्टीपेक्षा हा हिशेबीपणाच अधिक भयंकर वाटतो.

पांढऱ्यावर निळा, हे रंग ज्यूंच्या राष्ट्रीय चळवळीच्या ध्वजाचे आधीपासूनच होते. इस्रायलने ऑक्टोबर १९४८ मध्ये तोच ध्वज स्वीकारला. ताऱ्याचा मध्यभाग कोरा ठेवला. औंध संस्थान त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले होते. फ्रिडमन भारतातच राहिले व १९७६ मध्ये मुंबईस वारले. स्वतंत्रपूर मात्र औंधाच्या मागेही चालू राहिले.