छंदाचा रकाना आणि हाय-फायची खोली



आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेच्या प्रवेश अर्जात शेवटून दुसरा एक रकाना आहे : छंद. गेल्या महिन्यातल्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तो काढून टाका असे सुचवले. छंद ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आपल्या पोरांना आधी स्पर्धा परीक्षा, मग नोकरी, मग बाकीचे, असे त्यांचे म्हणणे. निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण माझेच प्रकरण त्यात अडकले होते. मला अॅम्प्लिफायर आणि स्पीकरचे वेड आहे. भंगारातून जुना डेक आणायचा, उघडायचा, फुगलेले कॅपॅसिटर बदलायचे आणि आवाज आला की एकट्यानेच खूश व्हायचे. असे वेड असलेले आम्ही आठ-दहा जण आहोत. भेटलो की फक्त वॅट आणि ओहम बोलतो. कोणाच्या घरी कोण आहे, पगार किती, घरचे काम कोण करते, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलेले नाही.

त्या बैठकीनंतर मी ठरवले की या वेडाचा इतिहास यंत्राच्या बाजूने नाही, घराच्या बाजूने वाचायचा. बैठकीत जे बोलता आले नाही ते इथे लिहितो.

हाय-फाय हा छंद खऱ्या अर्थाने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये उभा राहिला. युद्धात हजारो तरुण रेडिओ आणि रडार शिकून आले होते. लष्कराचे उरलेले सुटे भाग बाजारात स्वस्तात आले. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले रेकॉर्ड आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटांचे संगीत सलग ऐकता येऊ लागले. हीथकिटसारख्या कंपन्या सुट्या भागांचे संच विकू लागल्या. घरी बसून सोल्डर करा आणि स्वतःचा अॅम्प्लिफायर तयार करा. १९५१ मध्ये 'हाय फिडेलिटी' नावाचे मासिकही निघाले. इथपर्यंतची कथा आम्हा वेड्यांना तोंडपाठ असते.

घराची कथा वेगळी आहे. कीअर केटली या अभ्यासकाने १९९६ मध्ये 'पॉप्युलर म्युझिक' या नियतकालिकात एक लेख लिहिला. १९४८ ते १९५९ या काळातली मासिके, व्यंगचित्रे आणि जाहिराती चाळून त्याने दाखवले की हाय-फाय हा पुरुषाने घरातच घरापासून पळून जाण्याचा मार्ग होता. नोकरीत वरिष्ठाचा हुकूम आणि घरात बायकोचे राज्य अशी त्या काळच्या मध्यमवर्गीय गोऱ्या पुरुषाची तक्रार होती. मग त्याने दिवाणखान्यात मोठे खोके आणून ठेवले, आवाज चढवला आणि तेवढा प्रदेश परत जिंकला. बायको या साहित्यात कशी येते? आवाज कमी करा म्हणून ओरडणारी, खोके कुरूप दिसते म्हणून कुरकुरणारी, संगीतातले काही न कळणारी. तो ऐकत बसला असताना स्वयंपाकघरात भांडी कोण घासत होते, हा प्रश्न त्या मासिकांना पडत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला व्हेब्लेनचा 'फुरसती वर्ग' शिकवला, बोर्द्यूची 'अभिरुची' शिकवली. पण एकाची फुरसत दुसऱ्याच्या तासांतून कापून येते हे मला माझ्याच घरात, सोल्डरिंग आयर्न हातात असताना, जास्त नीट कळले.

इंग्लंडमध्येही हेच, फक्त थोडे मवाळ. व्हार्फडेल स्पीकरचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज हे यॉर्कशायरच्या कापड व्यापारातले माणूस. पियानोचे शौकीन, इतके की पियानोवर त्यांनी पुस्तकही लिहिले. १९३२ मध्ये इल्कलीतल्या आपल्या घराच्या तळघरात त्यांनी पहिले स्पीकर बनवले आणि त्या कामात पत्नी एडना बरोबरीने हात लावत होत्या. आज जगभर ओळखले जाते ते ब्रिग्ज यांचे नाव. एडनाबाई चरित्राच्या एखाद्या वाक्यात येतात आणि जातात.

इथे स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतील, बरोबर, हेच आम्ही सांगतो. पण आपल्याला इथे थांबून चालणार नाही. ज्या दिवाणखान्यात ही नवरा-बायकोची कुरबूर चालली होती त्या दिवाणखान्यात शिरायची परवानगी कोणाला होती?

लाँग आयलंडवरचे लेव्हिटाउन घ्या. १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट अँड सन्स कंपनीने बटाट्याच्या शेतांवर सतरा हजारांहून जास्त घरे बांधली. एक घर साधारण साडेसातशे चौरस फुटांचे. १९४९ मध्ये किंमत ७,९९० डॉलर. सैनिकांना सरकारी हमीचे कर्ज. पुढच्या नमुन्यांत जिन्याखाली दूरचित्रवाणी संच बसवूनच मिळे. माळा मुद्दाम अर्धवट ठेवलेला, घरमालकाने सुट्टीच्या दिवशी हातोडी-करवत घेऊन तो पूर्ण करावा म्हणून. छंदासाठी जागा थेट नकाशातच काढलेली! आणि करारात कलम होते की गोऱ्या वंशाबाहेरच्या माणसाला हे घर वापरू देता येणार नाही, नोकर म्हणून राहणारा सोडून. शेवटचा अपवाद पुन्हा वाचा. आपल्याला तो ओळखीचा वाटेल. वाड्यात झाडू मारायला यायचे, बसायला नाही.

लेव्हिट स्वतः ज्यू होते. ज्यूंना अमेरिकेत अनेक वस्त्यांत घर नाकारले जात होते त्याच काळात त्यांनी हे केले. काळ्यांना घर विकले तर गोरे घेणार नाहीत, हा केवळ धंद्याचा प्रश्न आहे, असा त्यांचा बचाव होता. पायऱ्यांची विषमता म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात ठरवले की असली वांशिक बंधने न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत. कलम गेले, वहिवाट राहिली. ऑगस्ट १९५७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळे जोडपे तीन मुलांसह राहायला आले. घर त्यांनी कंपनीकडून नव्हे, आधीच्या मालकाकडून घेतले होते. रोज संध्याकाळी घरासमोर जमाव जमू लागला. दगडफेक झाली, खिडक्या फुटल्या, एक पोलीस जखमी झाला. गोऱ्यांचा एक गट शेजारच्या रिकाम्या घरात तळ ठोकून बसला. तिथे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा झेंडा लावला आणि मोठ्या आवाजात गाणी वाजवत ठेवली, या कुटुंबाला झोप लागू नये म्हणून. शेवटी राज्य सरकारने न्यायालयातून मनाई हुकूम आणला तेव्हा छळ थांबला. मायर्स कुटुंब तिथून पळाले नाही, पुढे काही वर्षे राहिले.

आवाजाच्या यंत्राचा हा उपयोग आमच्या छंदाच्या इतिहासात लिहिलेला नसतो. आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीच्या आवाजावर ज्यांना एकदम ध्वनिप्रदूषण आठवते त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. आवाज कोण करतो आणि कोणाच्या दारात करतो, यावर तो संगीत की गोंगाट हे ठरत आले आहे. (आपल्या डीजेच्या भिंतींचे मी समर्थन करत नाही. लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या कानांचे काय होते ते मी जवळून पाहिले आहे. पण तो वेगळा लेख.)

त्याच पेन्सिल्व्हेनियात, फिलाडेल्फिया शहरात, १९२९ मध्ये अमर बोस जन्मले. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या बोस स्पीकरचे हे बोस. वडील नोनी गोपाल बोस ब्रिटिशांविरुद्धच्या चळवळीतले, तुरुंग भोगून १९२० मध्ये अमेरिकेत निसटलेले. आई शार्लट गोरी अमेरिकन, शाळेत शिक्षिका. आपल्यापेक्षा आईच जास्त बंगाली होती, असे बोस सांगत. युद्धामुळे वडिलांचा आयातीचा धंदा बसला तेव्हा शाळकरी अमर रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावत होता. म्हणजे त्याच्यासाठी हा आधी छंद आणि मग धंदा असा सरळ प्रवास नव्हता. उपाहारगृहात हे कुटुंब जाऊन बसे आणि वाढपी येतच नसे. वडील व्यवस्थापकाला बोलावून सर्वांना ऐकू जाईल असे विचारत की काळी माणसे देशासाठी मरायला चालतात, मग इथे जेवायला का चालत नाहीत? आणि मग सगळे उठून बाहेर पडत.

आपल्याकडच्या मध्यमवर्गाला बोस 'भारतीय बुद्धिमत्तेचे' उदाहरण म्हणून फार प्रिय आहेत. त्यांचे बालपणीचे व्हायोलिन, बॅडमिंटनचे वेड, १९५६ मध्ये विकत घेतलेल्या महागड्या संचाने झालेली निराशा आणि त्यातून सुरू झालेले संशोधन, हे सगळे रंगवून सांगितले जाते. उपाहारगृहाचे रिकामे टेबल मात्र गाळले जाते. बोस हे बंगालमध्ये कायस्थांचे आडनाव. तिकडे फिलाडेल्फियात त्यांना जो अनुभव आला तो इकडे कोणाला, कोणाकडून येत होता, ही तुलना मग टाळता येते. त्यांचे दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. ते सांगणाऱ्यांची निवड मला खोटी वाटते.

आता ज्यांच्याकडे दिवाणखानाच नव्हता त्यांनी काय केले? जमैकात किंग्स्टनच्या गरीब काळ्या वस्त्यांनी ध्वनियंत्रणा रस्त्यावर आणि मोकळ्या अंगणात आणली. हेडली जोन्स हा ब्रिटिश हवाई दलात रडारचे काम शिकून परतलेला काळा तंत्रज्ञ. हवाई दलात जाण्यापूर्वीच त्याने स्वतःच्या हाताने विजेवरची गिटार बनवली होती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्याने टॉम वाँग या हार्डवेअर दुकानदारासाठी मोठ्या ताकदीचे अॅम्प्लिफायर तयार केले आणि तिथून साउंड सिस्टीमचा काळ सुरू झाला. तंत्रज्ञान तेच, युद्धातून आलेले. एका ठिकाणी ते एका पुरुषाच्या एका खुर्चीसमोर बसले, दुसऱ्या ठिकाणी अख्खी आळी त्यावर नाचली.

आणि बायका? क्लेमेंट डॉड अर्थात कॉक्सन डॉड ऊस तोडायला अमेरिकेत जाई आणि येताना रेकॉर्ड आणी. तो नसताना साउंड सिस्टीम त्याची आई डोरिस डार्लिंग्टन चालवत असे. मासिकातली ती ओरडणारी बायको आणि ही यंत्रासमोर उभी राहून रेकॉर्ड बदलणारी आई शेजारी शेजारी ठेवून बघा. जमैकातला पुरुष फार समतावादी होता म्हणून हे घडले असे नव्हे. तिथे आवाज हा घरातून पळण्याचा मार्ग नव्हता. तो घराचा आणि दुकानाचाच भाग होता, म्हणून बाईला त्यातून बाहेर काढणे परवडणारे नव्हते.

आपल्या घरांकडे येऊ. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. लेव्हिटाउनच्या घराच्या पाव भागाहूनही लहान, आणि माणसे दुप्पट. तिथे माळा नाही, तळघर नाही. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट आली आणि मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या मेहेरबानीशिवाय आपले गायक आणि शाहीर घराघरांत पोचले. माझ्या वडिलांचा टेपरेकॉर्डर तेव्हाचा. रविवारी सकाळी तो दारात ठेवला जाई, कारण आत जागा नव्हती आणि कारण शेजाऱ्यांनाही ऐकायचे असे. आई नळावर असे. तिला गाणी पाठ होती ती नळावर उभे राहून ऐकलेली.

म्हणून छंद म्हणजे चैन, हे मला मान्य नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधी' यांच्यावरील ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली ती नेमकी याच मुद्द्यावर. राबणाऱ्या माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवायचे तर त्याला फुरसत हवी, फुरसत असेल तरच संस्कृतीचे जीवन शक्य आहे आणि ती यंत्राशिवाय सर्वांना मिळणार नाही, असा तो युक्तिवाद आहे. यंत्राला शिव्या देणारी साधी राहणी त्यांना पटली नाही, कारण त्या साधेपणात कोण राबणार हे आधीच ठरलेले होते. आणि स्वतः बाबासाहेब? अखंड काम, आजारपण, राजकारण यांत त्यांनी कुत्री पाळली, बागेत रमले, उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले. राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या वेठबिगारीने स्वतःचा एक तास मिळू दिला नाही, त्यातला माणूस व्हायोलिन हातात घेतो, याला चैन म्हणणार?

पण त्याच बाबासाहेबांचे नाव घेऊन मी तीन तास स्पीकर उघडून बसतो आणि बायको नोकरीवरून येऊन कुकर लावते, तेव्हा मी केटलीच्या लेखातला नवरा झालेलो असतो. फक्त कातडी सावळी.

बैठकीनंतर मी अभ्यासिकेचे जुने अर्ज काढून बसलो. मुलांच्या रकान्यात क्रिकेट, गाणी, जिम, मोबाइल दुरुस्ती. मुलींच्या बऱ्याच अर्जांत तो रकाना कोरा आहे. एकीने 'वाचन' लिहून खोडले होते. तिला विचारले तर म्हणाली, "दादा, वाचन छंद म्हणून नाही करत, संध्याकाळी घरचे आवरून जेवढा वेळ मिळतो त्यात परीक्षेचे करते. मग खोटे कशाला लिहू?"

पुढच्या रविवारी पुन्हा बैठक आहे. छंदाचा रकाना काढू नये असे मी मांडणार आहे. त्याच्या खाली आणखी एक रकाना घालावा असेही : घरातली कोणती कामे करता आणि रोज किती तास. हा रकाना मुलांनीही भरायचा. ज्येष्ठ मंडळी काय म्हणतील ते म्हणोत. नमुना म्हणून पहिला अर्ज मीच भरून नेणार आहे, आणि तासांचा आकडा बायकोला विचारून लिहिणार आहे.