साथीत आमचा हिशेब कुणी ठेवला?

पोखर्णी म्हटलं की बाहेरच्याला नरसिंहाचं देऊळ आठवतं. आम्हाला स्टेशन आठवतं. परभणी-परळी लाईनीवरच्या या स्टेशनातूनच आमची माणसं पोटामागं जातात.

२०२० च्या मार्चात गाड्या बंद झाल्या. माझा चुलतभाऊ पुण्यात बिगारी कामावर होता. ठेकेदारानं तीन आठवड्यांची मजुरी दाबली अन् फोन बंद केला. खोलीचं भाडं मात्र चालूच. भाऊ म्हणायचा, "दादा, रोगाचं भ्याव न्हाई वाटत. डब्यातलं पीठ पाह्यलं की वाटतंय." रेशनकार्ड गावात, माणूस पुण्यात. त्याच्या आईच्या जनधन खात्यात सरकारनं महिन्याला ५०० रुपये टाकले, तीन महिने. घरात खाणारी तोंडं सहा.

दोस्तहो, यात इतिहास कुठंय म्हणाल, तर ऐका. त्या मार्चात महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, इंग्रजांचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारनं घरं उपसली, माणसं उचलून नेली. पण लाखो लोक मुंबई सोडून गावाकडं गेले. गिरण्या ओस पडल्या. एरवी पगार मागं ठेवणारे गिरणीमालक रोजच्या रोज रोकडा मोजायला लागले. नाक्यावर मजुरांची बोली लागली. म्हणजे मजुराच्या हातात एक हत्यार होतं : निघून जाण्याचं.

२०२० ला तेच हत्यार काढून घेतलं. काम बंद अन् वाटही बंद. केंद्राच्या गृहखात्यानं २९ मार्चला हुकूम काढला, टाळेबंदीतही पगार पुरा द्या. मालक कोर्टात गेले. १८ मे पासून हुकूम मागं घेतला. १२ जूनला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मालक-मजुरांनी आपसात बोलून मिटवावं. ज्याचा ठेकेदार फोनच उचलत नाही त्यानं बोलावं कुणाशी?

त्याआधी ८ मे ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली मेले. मध्य प्रदेशातले, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून भुसावळकडं पायी निघालेले. आमची लाईन परभणीला ज्या रुळांना मिळते, तेच हे रूळ. सप्टेंबरात लोकसभेत विचारलं, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले? सरकार म्हणालं, तसा आकडा ठेवलेला नाही, म्हणून भरपाईचा प्रश्नच येत नाही.

हे नीट ध्यानात घ्या. आकडा नाही, म्हणून देणं नाही.

चुलतभाऊ परत आला तो उसनवारी घेऊन. ती फेडायला मुकादमाची उचल घेतली अन् नवरा-बायको ऊसतोडीला गेले. साथ गेली, उचल राहिली.

म्हणून मी वस्तीत वही घेऊन बसतो. कुणाचं काम किती दिवस बंद, कुणाची मजुरी किती बुडाली, कुणी किती व्याजानं काढले. तुम्हीही आपापल्या वस्तीत वही घाला. पुढच्या साथीत सरकार आकडा नाही म्हणालं, तर तो आपल्याकडं असला पाहिजे.